ढाब्यावर ‘बसताय’? बाटली तुमची, परवानाही तुमचाच. तरी कलम ८४ तुम्हाला का लागू शकते?

शनिवारची रात्र. महामार्गालगतचा ढाबा. चार मित्र येताना वाइन शॉपमधून बाटली घेऊन आलेले. ढाब्याच्या मागच्या बाजूला हिरव्या जाळीच्या आडोशाला टेबल मिळते. वेटर न विचारताच चार रिकामे ग्लास, सोडा आणि शेंगदाणे आणून ठेवतो. समोरच्या भिंतीवर ‘येथे मद्यपान करण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी असते. ती वेटरही वाचत नाही आणि गिऱ्हाईकही. मग साडेदहाच्या सुमारास राज्य उत्पादन शुल्क विभागाची गाडी येऊन उभी राहते आणि ढाबामालकासोबत टेबलावरच्या चौघांचीही नावे लिहून घेतली जातात.

‘दारू विकणाऱ्याला पकडा, आम्ही तर गिऱ्हाईक’, ‘बाटली आम्ही बाहेरून आणली, पावती आहे’, ‘माझ्याकडे पिण्याचा परवाना आहे’, ‘मी पीतच नव्हतो, फक्त जेवत होतो’ ही अशा वेळी ऐकू येणारी ठरलेली उत्तरे. महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यापुढे यातली बहुतेक उत्तरे टिकत नाहीत. कारण हा कायदा बाटली कोणाची, हे नंतर पाहतो. आधी पाहतो ती जागा.

कायदा कोणता आणि कलम कोणते?

महाराष्ट्रात दारूचे उत्पादन, विक्री, वाहतूक, बाळगणे आणि पिणे या सगळ्यांना एकच मुख्य कायदा लागू आहे. तो म्हणजे १९४९ चा दारूबंदी अधिनियम. पूर्वी तो ‘मुंबई दारूबंदी अधिनियम’ म्हणून ओळखला जायचा, आता त्याचे नाव ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ आहे. नावात बंदी असली तरी राज्यात सरसकट दारूबंदी नाही. या कायद्याची रचना मात्र ‘सगळे बंद, परवाना असेल तेवढेच चालू’ अशी आहे. म्हणजे दारू विकायला परवाना, बसून प्यायला जागा द्यायची तर त्या जागेला परवाना आणि पिणाऱ्यालाही परवाना.

बेकायदा ढाब्याच्या प्रकरणात दोन कलमे जोडीने येतात. कलम ६८ हे जागा चालवणाऱ्यासाठी आहे. विनापरवाना जागेत लोकांना दारू पिऊ देणारा मालक, ती जागा सांभाळणारा व्यवस्थापक आणि हा धंदा चालवायला मदत करणारा, असे सगळे त्यात येतात. कलम ८४ हे गिऱ्हाइकासाठी आहे. अशा जागेत दारू प्यायलेल्या अवस्थेत सापडलेला, पिताना सापडलेला किंवा पिण्याच्या उद्देशाने तेथे हजर असलेला, असे तिघेही या कलमाच्या कक्षेत येतात.

ढाब्याने दारू विकलीच नाही, तरी गुन्हा कसा?

सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. कलम ६८ आणि ८४ लागू होण्यासाठी त्या जागी दारूची विक्री झालीच पाहिजे असे नाही. कायद्यात अशा जागेला ‘कॉमन ड्रिंकिंग हाउस’ म्हटले आहे, साध्या मराठीत दारूचा गुत्ता. त्याची व्याख्या विक्रीवर नाही, तर फायद्यावर उभी आहे. जागेचा मालक किंवा ती सांभाळणारा माणूस स्वतःच्या फायद्यासाठी तेथे दारू पिऊ देत असेल, तर ती जागा गुत्ता ठरू शकते. हा फायदा जागेच्या भाड्यातून असो, पिण्यासाठी पुरवलेल्या सोयीतून असो किंवा आणखी कोणत्याही मार्गाने असो.

आता वरचे टेबल पुन्हा पाहू. बाटली गिऱ्हाइकाची आहे. पण ग्लास, बर्फ, सोडा, चखणा आणि आडोसा ढाब्याचा आहे. दारूचे पैसे ढाब्याला मिळाले नाहीत, पण ‘इथे बसू देतात’ म्हणून हे गिऱ्हाईक या ढाब्यावर आले आणि मटण थाळीचे बिल त्यानेच दिले. व्याख्येतील फायदा तो हाच. म्हणून ‘आम्ही दारू विकत नाही, फक्त बसू देतो’ हे वाक्य ढाबामालकाचा बचाव ठरत नाही. उलट तो कबुलीजबाबच होऊ शकतो.

याची दुसरी बाजूही आहे. हॉटेलवाल्याने खरोखरच मनाई केली असेल आणि गिऱ्हाईक त्याच्या नकळत थंड पेयाच्या बाटलीत दारू मिसळून पीत असेल, तर ती जागा ‘पिऊ देणारी’ ठरत नाही. अशा वेळी गिऱ्हाइकावर कलम ८४ लावणे अवघड असते. मात्र भिंतीवर नुसती पाटी लावल्याने मनाई सिद्ध होत नाही. टेबलावर ग्लास आणि बर्फ कोणी आणून दिला, हे पंचनाम्यात आले की पाटीचा उपयोग संपतो.

माझ्याकडे पिण्याचा परवाना आहे, मग?

परवाना जवळ असणे चांगलेच. महाराष्ट्रात विदेशी मद्य विकत घेण्यासाठी, बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी तो लागतो. एक दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी पाच रुपयांना आणि देशीसाठी दोन रुपयांना मिळतो. वर्षाचा आणि आजीवन परवानाही काढता येतो. बीअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षे आहे, तर व्हिस्की, रम, व्होडका यांसारख्या मद्यासाठी २५ वर्षे.

पण हा परवाना माणसाला मिळतो, जागेला नाही. तो दाखवून ‘विनापरवाना दारू बाळगली आणि प्यायली’ या कलम ६६ खालच्या आरोपाला उत्तर देता येते. त्या कलमात कैदेचीही तरतूद असल्याने हा फायदा लहान नाही. कलम ८४ चा प्रश्न मात्र वेगळा आहे. ‘तुम्ही प्यायला पात्र आहात का?’ असे ते विचारत नाही. ‘तुम्ही कुठे बसला होतात?’ असे विचारते. गाडी चालवण्याचा परवाना खिशात असला म्हणून ‘प्रवेश बंद’ असलेल्या रस्त्यावर गाडी घालता येत नाही, तसेच हे आहे.

परवाना नसेल तर मात्र दुहेरी अडचण होते. जागेमुळे कलम ८४ आणि बाटलीमुळे कलम ६६, असे दोन्ही आरोप लागू शकतात.

मी पीत नव्हतो, फक्त जेवायला गेलो होतो...

मित्रांच्या टोळक्यात एक तरी न पिणारा असतोच. बहुतेकदा गाडी चालवायची म्हणून त्याला नेलेले असते. कलम ८४ मध्ये त्याच्यासाठी एक महत्त्वाचे वाक्य आहे. गुत्त्यात दारू पिणे चालू असताना तेथे सापडलेली व्यक्ती पिण्याच्या उद्देशानेच आली होती, असे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते.

एरवी फौजदारी कायद्यात आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते. इथे उद्देशापुरती ती उलटी होते. ती जागा गुत्ता होती आणि तेथे दारू पिणे चालू होते, हे आधी सरकार पक्षाने दाखवायचे. ते दाखवले की ‘मी प्यायला आलो नव्हतो’ हे त्या व्यक्तीने दाखवायचे.

हे गृहीतक खोडता येते, हेही तितकेच महत्त्वाचे. कुटुंबासह पुढच्या भागात जेवायला बसलेला माणूस आणि मागच्या आडोशाला बाटलीच्या टेबलावर बसलेला माणूस यांच्यात फरक आहे. वैद्यकीय तपासणीत रक्तात अल्कोहोल न सापडणे, फक्त जेवणाचे बिल असणे, आपल्या टेबलावर ग्लास किंवा बाटली नसल्याची पंचनाम्यात नोंद असणे या गोष्टी उपयोगी पडतात. म्हणूनच न पिणाऱ्याने ‘मला कशाला तपासता?’ म्हणून वैद्यकीय तपासणीला विरोध करणे त्याच्याच तोट्याचे असते.

शिक्षा किती?

– जागा चालवणारा, कलम ६८: तीन ते पाच वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार ते ५० हजार रुपयांपर्यंत दंड.

– गिऱ्हाईक, कलम ८४: पाच हजार रुपयांपर्यंत दंड. या कलमात कैदेची शिक्षा नाही.

– दारू पिऊन रस्त्यावर किंवा सार्वजनिक ठिकाणी गोंधळ, कलम ८५: दंडासोबत कैदेचीही तरतूद.

– दारू पिऊन गाडी चालवणे, मोटार वाहन कायद्याचे कलम १८५: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

शेवटचा मुद्दा ढाब्याच्या बाबतीत विसरता येत नाही. महामार्गावरच्या ढाब्यावर कोणी चालत जात नाही. कलम ८४ चा दंड चार आकडी असला, तरी तेथून निघून गाडी सुरू केली की प्रकरण वेगळ्या कायद्यात जाते. रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणाच्या जिवाशी गाठ असते, ती वेगळीच.

बाटली गोव्याची असेल तर?

सिंधुदुर्ग, कोल्हापूरपासून पुण्या-मुंबईपर्यंत हा प्रश्न नेहमीचा आहे. गोव्यात स्वस्त मिळणारी बाटली परतीच्या वाटेवर एखाद्या ढाब्यावर उघडली जाते. ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असा मजकूर असलेल्या बाटलीवर महाराष्ट्राचे उत्पादन शुल्क भरलेले नसते. आवश्यक परवान्याशिवाय ती राज्यात आणणे हा कलम ६५ खालचा गुन्हा होतो. त्याची शिक्षा गिऱ्हाइकाच्या दंडापुरती राहत नाही, ती ढाबामालकाच्या शिक्षेच्या पंक्तीत जाते. शिवाय अशी दारू वाहून आणणारे वाहनही जप्त होऊ शकते. ढाब्यावर पाच हजारांपर्यंतच्या दंडावर निभावले असते, असे प्रकरण डिकीतल्या बाटल्यांमुळे कैदेपर्यंत पोहोचू शकते.

छापा पडल्यावर नेमके काय होते?

छापा राज्य उत्पादन शुल्क विभाग किंवा पोलीस घालू शकतात. पंचांसमक्ष बाटल्या, ग्लास, उरलेली दारू जप्त होते, पंचनामा होतो, हजर लोकांची नावे-पत्ते घेतले जातात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण करणे बंधनकारक आहे. त्यानंतर ग्राहकांना वैद्यकीय तपासणीसाठी सरकारी रुग्णालयात नेले जाऊ शकते. दारूबंदी कायद्याच्या कलम १२९ अ मध्ये रक्ताचा नमुना घेण्याचीही तरतूद आहे.

कलम ८४ मध्ये फक्त दंडाची शिक्षा असल्याने हा गुन्हा जामीनपात्र आहे. बहुतेकांना जबाब नोंदवून, जामिनावर किंवा हजर राहण्याची नोटीस देऊन सोडले जाते. पुढे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात आरोपपत्र जाते. काही जिल्ह्यांत तर छाप्यानंतर लगेच आरोपपत्र दाखल करून ढाबामालक आणि ग्राहक दोघांनाही न्यायालयाकडून दंड झाल्याची उदाहरणे आहेत. आरोपपत्राला उशीर झाला तर कायद्यात कालमर्यादा आहे. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यायची असते. पण ग्राहकाचा खटला ढाबामालकाच्या गंभीर गुन्ह्यासोबत एकत्र चालणार असेल, तर ही मुदत त्या गंभीर गुन्ह्याप्रमाणे मोजली जाते. त्यामुळे ‘सहा महिने गेले, सुटलो’ असे परस्पर ठरवण्यात अर्थ नाही.

जागेवर पैसे मागितले तर?

कलम ८४ चा दंड ‘दोषी ठरल्यावर’ होतो. म्हणजे तो ठोठावण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. सिग्नल तोडल्यावर वाहतूक पोलीस चलन फाडतात, तसा हा प्रकार नाही. ढाब्याच्या मागे, पावतीशिवाय, ‘इथेच मिटवू’ म्हणून कोणाच्या हातात टेकवलेली रक्कम हा दंड नसतो. ती लाच ठरते आणि देणाराही कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतो. कोणी बळजबरीने मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार करता येते.

अशा वेळी काही साधे अधिकार लक्षात ठेवलेले बरे. अटक केली तर तिचे कारण सांगितले गेले पाहिजे. नातेवाईक किंवा मित्राला कळवले गेले पाहिजे. २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले गेले पाहिजे. अपवादात्मक परिस्थिती सोडून महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नये. खोटे नाव सांगणे किंवा पळून जाणे मात्र सर्वांत वाईट. कच्च्या रस्त्याने अंधारात गाडी दामटणाऱ्याचा अपघात होतो आणि पकडला गेलाच तर दंडाच्या गुन्ह्यात आणखी कलमे वाढतात.

दंड भरून टाकला, विषय संपला?

न्यायालयात बहुतेक जण एकाच वाक्याची वाट पाहतात. ‘गुन्हा कबूल आहे का?’ हो म्हणायचे, दंड भरायचा आणि दुपारपर्यंत कामावर परतायचे. वेळ आणि वकिलाचा खर्च वाचवणारा हा मार्ग अनेकांना सोयीचा वाटतो. तो चुकीचाच आहे असे नाही. पण गुन्हा कबूल करून दंड भरणे म्हणजे दोषसिद्धी, हे तो भरण्यापूर्वी माहीत असायला हवे. कबुलीवर झालेल्या अशा शिक्षेविरुद्ध पुढे अपिलाला फारशी जागा राहत नाही. दंडाची रक्कम किंवा शिक्षेची वैधता एवढ्याच मुद्द्यांवर ते करता येते.

याचा परिणाम सर्वाधिक जाणवतो तो स्पर्धा परीक्षा देणाऱ्या आणि सरकारी नोकरीच्या वाटेवरच्या तरुणांना. केंद्र सरकारच्या नोकरीत निवड झाल्यावर भरायच्या साक्षांकन अर्जात ‘कधी अटक झाली होती का?’, ‘खटला चालला होता का?’, ‘न्यायालयाने दंड केला होता का?’ असे वेगवेगळे प्रश्न असतात. ढाब्यावरच्या दंडाची पावती या शेवटच्या प्रश्नात येते. ‘किरकोळ गोष्ट आहे, कोण बघतो’ म्हणून ‘नाही’ लिहिले आणि पोलीस पडताळणीत नोंद सापडली, तर मूळ गुन्ह्यापेक्षा माहिती दडवणे जड जाते.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१६ मध्ये ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात याबाबतची सूत्रे घालून दिली. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. प्रकरण अगदी किरकोळ असेल, तर ती दडवल्याकडे दुर्लक्ष करण्याचा विवेकाधिकार नियुक्ती करणाऱ्याला आहे. हा नियुक्ती करणाऱ्याचा अधिकार आहे, उमेदवाराचा हक्क नाही. म्हणून खरे लिहिणे हाच सुरक्षित मार्ग.

पासपोर्टचे गणित थोडे वेगळे आहे. पासपोर्ट कायद्यात अडचण येते ती मुख्यतः न्यायालयात प्रलंबित असलेल्या फौजदारी प्रकरणाने. नुसता गुन्हा नोंद झाला आणि तपास चालू आहे, एवढ्याने प्रकरण ‘प्रलंबित’ धरले जात नाही. न्यायालयाने त्याची दखल घेतलेली असावी लागते, असे परराष्ट्र मंत्रालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. खटला प्रलंबित असेल तर संबंधित न्यायालयाची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळू शकतो. दंड भरून निकाली निघालेले कलम ८४ चे प्रकरण त्यासाठी कायमचा अडथळा ठरत नाही. पण अर्जात माहिती लपवली तर तो वेगळा गुन्हा होतो.

थोडक्यात, ज्याच्या पुढ्यात सरकारी भरती, परदेशी शिक्षण किंवा नोकरीची पडताळणी आहे, त्याने न्यायालयात मान डोलावण्यापूर्वी वकिलाचा अर्धा तास घ्यावा. विशेषतः तो खरोखरच पीत नसेल, तर.

गिऱ्हाइकाला शिक्षा करणारा कायदा आला कुठून?

स्वातंत्र्यानंतर तत्कालीन मुंबई राज्याने दारूबंदीचे धोरण स्वीकारले. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा हा कायदा आला. त्याला आव्हान दिले गेले. ‘मुंबई राज्य विरुद्ध बलसारा’ या १९५१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने औषधी आणि प्रसाधनाच्या वस्तूंबाबतच्या काही तरतुदी रद्द केल्या, पण कायद्याचा मुख्य गाभा वैध ठरवला.

त्या काळात मुंबईत घराघरांत चोरटे अड्डे चालत. ‘आंटीचा अड्डा’ हा शब्द तेव्हापासूनचा. अशा अड्ड्यावर दारू विकताना कोणी सापडणे अवघड. माल लपवलेला, विकणारी घरातलीच माणसे आणि बसलेले लोक ‘आम्ही पाहुणे’ म्हणून मोकळे. ‘पिण्यासाठी जागा देणे’ हाच गुन्हा ठरवणे आणि तेथे हजर असलेला पिण्यासाठीच आला असे गृहीत धरणे, या दोन्ही तरतुदींमुळे ही पळवाट बंद होते. पुढे राज्याने बंदी सैल केली, परमिट रूम आले. ‘परमिट रूम’ हे नावच या परवाना पद्धतीची खूण आहे. गुत्त्याची कलमे मात्र राहिली आणि आज ती महामार्गावरच्या ढाब्यांना लागू होत आहेत.

वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांत तर परमिट रूम हा पर्यायच नाही.

ढाब्याशिवाय आणखी कुठे?

व्याख्येत ‘ढाबा’ हा शब्द नाही, ‘जागा’ आहे. म्हणून तोच नियम इतरत्रही लागू होऊ शकतो. वाइन शॉपशेजारची अंडाभुर्जीची किंवा चायनीजची गाडी, जिथे ग्लास आणि पाणी मिळते. रूफटॉप कॅफे, ज्याच्याकडे खाद्यपदार्थांचा परवाना आहे पण मद्याचा नाही. लॉजची खोली, जी तासावर ‘बसायला’ दिली जाते. वाइन शॉप आणि बीअर शॉपीला सीलबंद बाटली विकण्याचा परवाना असतो, तेथे उभे राहून पिऊ देण्याचा नाही.

फार्महाउसवर गोंधळ अधिक होतो. स्वतःच्या घरी मित्रांना बोलावले, कोणाकडून पैसे घेतले नाहीत आणि सर्वांकडे परवाने आहेत, तर ती जागा फायद्यासाठी चालवलेली नाही. पण तिकीट लावून ‘अनलिमिटेड’ची जाहिरात केली, तर तो कार्यक्रम झाला. त्यासाठी आयोजकाने एक दिवसाचा तात्पुरता परवाना काढावा लागतो. इन्स्टाग्रामवरची जाहिरात पाहून पैसे भरणाऱ्याने तो परवाना आहे का, हे विचारायला हरकत नाही. आयोजकाने परवाना काढला नसेल, तर अडचणीत केवळ तोच येत नाही. १८ वर्षांखालील कोणी त्या गर्दीत असेल, तर त्याला दारू देणाऱ्यावर बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दंडापेक्षा मोठा धोका

बेकायदा जागेचा खरा धोका पाच हजारांच्या दंडात नाही. परवाना असलेल्या बारमध्ये आलेली बाटली कोणत्या कारखान्यातून, कोणत्या ठोक विक्रेत्याकडून आली याची नोंद असते. विनापरवाना जागेत ग्लासात ओतलेल्या दारूची कसलीच नोंद नसते. नामांकित ब्रँडच्या रिकाम्या बाटल्यांत हलकी दारू भरून विकण्याचे प्रकार राज्यात वारंवार उघड झाले आहेत.

याचे टोक २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतील मालाडच्या मालवणीत दिसले. विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. त्याआधी २००४ च्या अखेरीस विक्रोळीतही अशीच दुर्घटना घडली होती. अशा दारूत बहुतेकदा मिथेनॉल असते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्लात रूपांतर होते आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते. लक्षणे लगेच दिसतीलच असे नाही. कित्येक तासांनी उलट्या, पोटदुखी, धाप आणि अंधूक दिसणे सुरू होते. वेळेत रुग्णालयात पोहोचल्यास त्यावर उतारा आणि डायलिसिस असे उपचार आहेत.

अशा वेळी ‘पोलीस केस होईल’ या भीतीने घरीच थांबणे जिवावर बेतते. कलम ८४ ची कमाल शिक्षा दंड आहे. तो भरता येतो, गेलेली दृष्टी परत येत नाही.

बसण्यापूर्वी काय पाहावे?

– दर्शनी भागात परमिट रूम किंवा बीअर बारचा उल्लेख आणि परवाना क्रमांक आहे का? ‘फॅमिली रेस्टॉरंट’, ‘गार्डन’, ‘एसी हॉल’ या पाट्या मद्याचा परवाना नव्हेत.

– बिलावर मद्याची नोंद होते का? दारूचे पैसे ‘वेगळे द्या, रोख द्या’ असे सांगितले जात असेल, तर अर्थ स्पष्ट आहे.

– ‘बाहेरून घेऊन या, इथे बसा’ असे सांगणारी जागा आणि टेबल नेहमी मागच्या बाजूला, पडद्याआड मिळणे, हा सर्वांत ठळक इशारा.

– स्वतःचा परवाना आहे का? पाच रुपयांच्या कागदासाठी कलम ६६ चा आरोप ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

– परतीची गाडी कोण चालवणार, हे पहिल्या ग्लासाआधी ठरले आहे का?

ढाबामालक हमखास सांगतो, ‘बसा बिनधास्त, आपली वरपर्यंत ओळख आहे.’ ती ओळख खरी असली तरी त्याच्यापुरती असते. पंचनाम्यात गिऱ्हाइकाचे नाव लिहिले जाते, तेव्हा त्याच्या बाजूने बोलायला तिथे कोणी नसते. आणि पुढे नोकरीच्या अर्जातल्या त्या प्रश्नाचे उत्तर लिहायची वेळ येते, ती एकट्या गिऱ्हाइकावरच.